वकट-लेंडाची शाळा

सोलापुरास मी शिक्षक म्हणून रुजू झालो ते १९६८ साल होते. ज्या वाड्यात मला दोन खोल्या मिळाल्या त्याच्या मागल्या अंगाला पद्मशाली विणकरांची घरे होती, आणि मागांचा खटखटाट दिवसभर कानी पडे. एका सकाळी खिडकीशी दाढी करीत उभा होतो. खालच्या ओट्यावर एक म्हातारी सुताच्या लडी मोजून बाजूस ठेवीत होती. तिचा एकेक आकडा मला स्पष्ट ऐकू आला. ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. माझा वस्तरा गालावरच थांबला. तेलुगूचा मला गंधही नव्हता. पण ही मोजणी मला येत होती. गोदाकाठच्या माझ्या गावी, वयाच्या सातव्या वर्षी, हातात दांडू धरून मी ती शिकलो होतो. वकट, लेंड, मूंड, नाल!

त्या सकाळपर्यंत हे शब्द म्हणजे पोरांची निरर्थक बडबड आहे असेच मी समजत होतो. आईवडीलही तसेच समजत. त्या बडबडीच्या पोटात एका शेजारभाषेचे आकडे शाबूत बसलेले आहेत हे कळले, आणि मुलांच्या खेळांकडे मी निराळ्या नजरेने पाहू लागलो. जन्मभर शाळेत घालवलेल्या माणसाने हे खेळ पाहताना स्वतःला एक प्रश्न विचारणे भागच होते. ज्या शाळेत मास्तर नाही, घंटा नाही, फी नाही, त्या या शाळेत मुले नेमके काय शिकत होती? आणि आपण मोठ्यांनी त्या शाळेचे पुढे काय केले?

ज्यांनी विटीदांडू खेळला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. जमिनीत वीतभर लांबीची खोबण करायची, ती गल. गलीवर विटी आडवी ठेवून दांडूने दूर कोलायची. समोरच्याने ती वरच्यावर झेलली तर गडी बाद. नाही झेलली, तर त्याने ती गलीवर आडव्या ठेवलेल्या दांडूवर नेम धरून फेकायची. नेम चुकला की विटी जिथे पडली तिथपर्यंतचे अंतर दांडूने मोजायचे. आमच्याकडे ही मोजणी अशी होती : वकट, लेंड, मूंड, नाल, आर, डोळा, झंकू. सात झाले की पुन्हा वकट. मोजणी ज्या शब्दावर संपेल त्या शब्दाचा टोला पुढे मारायचा. वकट आली तर पायाच्या चवड्यावर विटी ठेवून उडवायची, मूंड आली तर मुठीवर ठेवून, डोळा आला तर मान मागे टाकून मिटल्या डोळ्यावर ठेवून. गावोगावी यात फरक असत. पलीकडच्या गावचा मामेभाऊ सुटीत आला की पहिले दोन दिवस त्याचे नियम खरे की आमचे, या वादातच जात.

आता हे शब्द पाहा. वकट म्हणजे तेलुगू ओकटि, एक. लेंड म्हणजे रेंडु, दोन. मूंड म्हणजे मूडु, तीन. नाल म्हणजे नालुगु, चार. आर हा शब्द तेलुगूत, कानडीत, तमिळातही सहासाठी आहे. पण आमच्या मोजणीत तो पाचव्या जागी बसला आहे. पाचाचा ऐदु वाटेत कुठेतरी गळाला, आणि मुलांनी त्याच्या जागी सहाला ओढून घेतले. पुढची रिकामी जागा त्यांनी आपल्या घरच्या 'डोळ्या'ने भरली. गोदावरीच्या खोऱ्यात मराठी आणि तेलुगू शतकानुशतके एकमेकींच्या अंगणात नांदल्या. राजदरबारच्या भाषा आल्या नि गेल्या, सनदा नि शिलालेख मातीत गेले. पण शेजारधर्माची ही खूण सात-आठ वर्षांच्या पोरांनी जपून ठेवली. त्यांना ती जपायची होती म्हणून नव्हे, तर शब्द बदलला तर डाव मोडला असता म्हणून. मुलांइतके कर्मठ परंपरापालक मी दुसरे पाहिले नाहीत.

ही परंपरा किती जुनी असावी? महाभारताच्या आदिपर्वात एक प्रसंग आहे. कौरवपांडवांची मुले हस्तिनापुराबाहेर 'वीटा' खेळत असतात, ती विहिरीत पडते, कुणाला काढता येत नाही. तेव्हा एक कृश ब्राह्मण पुढे येतो आणि मंतरलेल्या काड्या एकीत एक रोवून ती वर काढतो. हाच द्रोण. ही वीटा म्हणजे काय, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. कोणी तिला चेंडू म्हणतात. पण सतराव्या शतकात काशीत बसून महाभारतावर 'भारतभावदीप' ही टीका लिहिणाऱ्या नीलकंठ चतुर्धराने तिचा अर्थ स्वच्छ दिला आहे : जवाच्या आकाराचा वीतभर लाकडी तुकडा, जो मुले हातभर दांड्याने उडवतात. हा नीलकंठ मूळचा गोदातीरीच्या कोपरगावच्या घराण्यातला. द्वैपायनाच्या मनात कोणती वीटा होती ते सांगता येणार नाही; पण टीकाकाराच्या डोळ्यापुढे कोणती होती याविषयी मला शंका नाही. एवढा मोठा पंडित त्या शब्दापाशी आला तेव्हा त्याला कोश उघडावा लागला नसेल. त्याच शतकात देहूला तुकोबांनी विटूदांडू, चेंडूफळी, हमामा, फुगडी, टिपरी यांवर अभंग रचले. परमार्थ सांगायला त्यांनी हे खेळ निवडले, कारण समोर बसलेल्या कुणब्यापासून वाण्यापर्यंत सर्वांनी ते लहानपणी खेळलेले होते. जे सर्वांना ठाऊक तेच दृष्टान्ताला चालते.

आता शिकण्याची गोष्ट. शाळेत भागाकाराची बाकी काढताना बोटांवर पट्ट्या खाल्लेली मुले मी पाहिली आहेत; त्यांत मीही होतो. तोच मुलगा संध्याकाळी मैदानावर सतरा दांडू अंतर मोजी आणि मूंडीवर थांबे. सतराला सातने भागले, दोन वेळा भाग गेला, तीन उरले. हे गणित त्याला कोणी सांगितलेले नव्हते आणि ते गणित आहे हेही त्याला ठाऊक नव्हते. पुढे सरावाने तो मोजण्याआधीच नुसत्या नजरेने सांगे की नाल येणार. मुली सागरगोटे खेळत. एक वर उडवायचा आणि तो खाली येईतो जमिनीवरचे चार उचलायचे. आधी एकेक, मग दोन दोन, मग तीन आणि एक, मग चारी एकदम. चार या संख्येच्या बहुतेक फोडी त्यांच्या तळहातावरून गेलेल्या असत. हात आणि डोळा यांचा मेळ, श्वासाचा ताबा, तोल, चपळाई हे सारे त्यात होतेच. शरीरशिक्षणाच्या पुस्तकांत खेळांचे फायदे म्हणून याच गोष्टी सांगितलेल्या असतात.

पण खरे शिक्षण मला वाटते त्याच्याही अलीकडे, खेळ सुरू होण्यापूर्वीच, चालू झालेले असे. खापरीच्या एका बाजूला थुंकी लावून 'ओली की सुकी' विचारायचे. दोन म्होरक्यांनी आळीपाळीने भिडू मागायचे, म्हणजे दोन्ही बाजू तुल्यबळ होतील. धाकटा भाऊ रडत मागे आला असेल तर त्याला कच्चा लिंबू करायचे. तो खेळेल, पळेल, पण बाद होणार नाही. ही तरतूद कुठल्या कायदेपंडिताने केली? दुबळ्याला खेळाबाहेर न काढता आणि बलवानाचा खेळही न बिघडवता सामावून घेणारा हा नियम मुलांनी मुलांसाठी केला.

हुतुतूत तर दंडनीतीच्या तीन शाखा नांदत होत्या. संजीवनीत बाद झालेला गडी समोरचा बाद झाला की पुन्हा जिवंत होई. गामिनीत एकदा बसला तो सगळा संघ बसेपर्यंत बाहेर. अमर या प्रकारात कोणी बाहेर जातच नसे, नुसता गुण लिहायचा आणि खेळ पुढे. आज कोणती खेळायची हे आधी ठरवावे लागे. ज्यांची बाजू कच्ची ते अमर मागत, दांडगे गामिनी मागत, आणि तासभर भांडून संजीवनीवर तडजोड होई. भांडणात उजेड सरला तर खेळ उद्यावर जाई. उजेड सरू नये म्हणून भांडण आवरायला शिकणे, हाही त्या शाळेतला एक धडा होता.

स्वित्झर्लंडातील मानसशास्त्रज्ञ झां पियाजे याने जिनिव्हा आणि न्यूशातेल येथल्या मुलांना गोट्यांच्या खेळाचे नियम विचारत हिंडून १९३२ साली मुलांच्या नीतिबुद्धीवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याला असे आढळले की लहान मुलांना नियम देवाने किंवा बापाने केलेला, कधीही न बदलणारा वाटतो. दहा-बारा वर्षांची झाली की त्यांना कळते, नियम म्हणजे आपण सर्वांनी मिळून केलेला करार आहे आणि सर्वांच्या संमतीने तो बदलता येतो. हा ग्रंथ मी चाळिशीत वाचला तेव्हा मला मामेभावाशी झालेली भांडणे आठवली. पहिल्या दिवशी आम्हा दोघांनाही आपापल्या गावचा नियम ब्रह्मवाक्य वाटे. तिसऱ्या दिवशी आम्ही दोन्ही मिळून तिसराच नियम केलेला असे. एका वाक्यापासून दुसऱ्यापर्यंतचे ते दोन दिवस म्हणजेच मूल मोठे होणे. ते दोन दिवस कोणी मोठ्याने येऊन वाचवले असते, तर आमचे शिक्षण बुडाले असते.

मुलींच्या बाबतीत हे शिक्षण लवकर तुटे. माझी आजी नवव्या वर्षी सासरी आली. ती सांगे की सासरच्या चौकात सागरगोट्यांना हात लावला म्हणून तिला बोलणी बसली. तिच्या वाट्याला उरली ती श्रावणातल्या मंगळवारची रात्र. लग्नानंतर पाच वर्षे मंगळागौर पुजायची आणि रात्रभर जागायचे. झिम्मा, फुगडी, पिंगा, सूप नाचवणे. आज हे खेळ हौशी बायका रंगमंचावर एकसारख्या नऊवारीत करतात तेव्हा ते बायकांचे खेळ वाटतात. ते मुळात पोरींचेच खेळ होते. बायको झालेली ती पोरच असे. १९२९ साली शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा ठरवले, तोवर नऊ-दहा वर्षांच्या कितीतरी सुनांना वर्षाकाठी तेवढ्याच काय त्या हक्काच्या रात्री मिळत. एका रात्रीपुरती सासू बाजूला बसे आणि कोणी कोणाबरोबर फुगडी घालायची ते त्या आपसात ठरवत. आजी म्हातारपणी त्या रात्रींचे वर्णन करताना देवीचे नाव क्वचित घेई. कोण दमून आधी बसली ते मात्र तिला नावानिशी आठवे.

मोठ्यांचे लक्ष या खेळांकडे वळले ते विसाव्या शतकाच्या आरंभी. क्रिकेट-टेनिसच्या तोडीस देशी खेळ उभे करावेत ही त्यामागची भावना होती, आणि ती खोटी नव्हती. १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम बांधण्याचे काम हाती घेतले. १९२४ मध्ये बडोद्याहून नियमांचे पुस्तक निघाले. बडोद्यानेच हुतुतूच्या स्पर्धा आणि नियम यांनाही आकार दिला, आणि तिथेच द. चिं. मुजुमदारांनी 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड सिद्ध केले. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी हे खेळ जगाला करून दाखवले. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डी आली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या पुरुषांनी व महिलांनी तो जिंकला. तो सामना मी दूरदर्शन संचावर पाहिला आणि माझे डोळे भरून आले, हे मोकळेपणी सांगतो. पण पाहता पाहता मन मागे गेले. या प्रवासात खेळ मातीतून गादीवर आला, त्याला मान मिळाला, पोरांना नोकऱ्या मिळाल्या. संजीवनी, गामिनी, अमर यांतून मात्र एक निवडली गेली, ती कायमची. आणि ती कोणी निवडायची हा मुलांचा हक्क पंचांच्या शिट्टीकडे गेला.

एवढे लिहून मी थांबलो असतो तर हा लेख एका म्हाताऱ्याचे जुन्या काळाबद्दलचे गाऱ्हाणे ठरला असता. परंतु एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

आमच्या विटीदांडूच्या जागेपलीकडे बाभळीचे बन होते. टोला लांब गेला की विटी काट्यांत जाई. ती आणायला एक मुलगा तिथे नेहमी उभा असे. तो गावकुसाबाहेरच्या वस्तीतला, माझ्याच वयाचा. काट्यांत शिरून तो विटी आणी आणि लांबून आमच्याकडे फेकी. नेम असा की गलीवरचा दांडू दहांत आठ वेळा उडे. त्याने फेकलेली विटी आम्हाला चाले, त्याच्या हाती दांडू मात्र आम्ही कधी दिला नाही. तो भिडू नव्हता, कच्चा लिंबूही नव्हता. १९५० साली घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट झाल्याचे जाहीर केले होते, आणि ही गोष्ट त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतली आहे. ज्या नियमांची मी आताच एवढी थोरवी गायली ते आमचे नियम होते, आम्ही मिळून केलेले होते. आणि 'आम्ही' म्हणजे कोण, हे ठरवताना आम्ही गावाचाच नियम उचलला होता. त्याबद्दल भांडण कधी झाले नाही. ज्याला भांडायचे होते तो बाभळीपाशी उभा होता.

ते मोडले एका शिट्टीने. शाळेत नवे कवायत-मास्तर आले. त्यांनी मुलांना ओळीत उभे केले, एक-दोन, एक-दोन असे आकडे म्हणायला लावले, आणि एकचा एक संघ, दोनचा दुसरा केला. तो आणि मी दोघेही दोन. मास्तरांनी खो-खो मांडला. मी रांगेत उकिडवा बसलो होतो. मागून धावत येणारी पावले ऐकू आली आणि माझ्या पाठीवर त्याचा तळहात सपकन बसला. "खो!" पाठीला हात लागल्याशिवाय खो होतच नाही, हा नियम आहे. एक क्षण मी उठलोच नाही. मास्तर ओरडले, "अरे, खो मिळालाय तुला, पळ!" मी पळालो. घरी गेल्यावर मी कोणाला काही सांगितले नाही. आंघोळही केली नाही. एवढेच माझे त्या दिवसाचे पुण्य. पुढल्या आठवड्यात बाभळीपाशीही दांडू त्याच्या हातात गेला, आणि वकट-लेंड त्याला आमच्याइतकेच बिनचूक येत होते. तो इतकी वर्षे लांबून मोजत होता.

म्हणून शिट्टीची मी सरसकट निंदा करू शकत नाही. पुढे मी स्वतः गळ्यात शिट्टी अडकवून तीस वर्षांहून अधिक काळ मैदानावर उभा राहिलो. सुरुवातीच्या वर्षांत मुले आपसात भांडत आणि निकाल लागेना तेव्हा माझ्याकडे येत. निवृत्तीच्या सुमाराला ती भांडतच नसत. पाय रेषेवर पडला की थेट माझ्याकडे पाहत. "सर, हा आउट ना?" मी निकाल देई, ती मानत. शिस्त फार सुंदर होती. एकदा घशाला त्रास झाला म्हणून मी शिट्टी न घेता बाजूला बसलो, तर पाच मिनिटांत खेळ बंद पडला आणि मुले माझ्याभोवती येऊन बसली. त्या दिवशी मला प्रथम वाटले की आपण काहीतरी हिरावून घेतले आहे.

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला आणि नंतर अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचे जे काम केले, त्यात बिया, शंख-शिंपले, पाने अशा आसपासच्या वस्तूच साधने झाल्या. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, हे त्यांनी करून दाखवले. मला त्या कामाचा अर्थ असा लागतो : मोठ्यांनी दार उघडावे, कोणी बाभळीपाशी उभे नाही ना हे पाहावे, आणि मग बाजूला व्हावे. माझ्या कवायत-मास्तरांनी पहिली दोन कामे केली. तिसरे मला साधले नाही.

आता मी मुलाकडे पुण्यात राहतो. इमारतीला मैदान नाही. खाली मोटारी उभ्या असतात आणि त्यांच्यामधल्या पट्ट्यात सात-आठ मुलेमुली प्लास्टिकच्या चेंडूने क्रिकेट खेळतात. विटीदांडू त्यांनी पाहिलेला नाही. मी गॅलरीतून ऐकतो. एक टप्पा पडून एका हाताने झेलला तर आउट. तळमजल्याच्या काकूंच्या कुंड्यांत गेला तर आउट, आणि चेंडू आणायचाही मारणाऱ्यानेच. पांढऱ्या मोटारीला लागला तर रन नाही. हे नियम कुठल्या पुस्तकात नाहीत. परवा वॉचमनची लहान मुलगी कोपऱ्यात उभी राहून पाहत होती. तिच्याकडे बोट दाखवून खालून कोणीतरी विचारले, हिला घ्यायचे का? थोडा वेळ कुजबुज झाली. मी कठडा घट्ट धरून उभा होतो. मग माझ्या नातवाचा आवाज आला, "घेऊ या. पण पहिल्या दिवशी कच्चा लिंबू!"

ती बॅट घेऊन उभी राहिली. मी आत आलो आणि दार लोटून घेतले.